आतल्या माणसाची जागा

तळ्यावरचं घर,
२१ ऑगस्ट, भर दुपार

चि. बदकास,

ताईचे अनेक आशीर्वाद. त्यातले निम्मे तुझ्या बायकोला पोचते कर. इतकी वर्षं ती तुला सांभाळते आहे, तिला जास्त गरज आहे. इकडे सगळं ठीक. तिकडचं तू कळवत नाहीस, तेव्हा तेही ठीकच असणार असं धरून चालते आहे.

पत्रास कारण काही नाही. म्हणजे आहे, पण ते मागाहून. आधी तळं.

तळं आता पेंगुळलंय. आपल्या या थंड मुलखात ऑगस्टअखेर उन्हाळा सरत आला की पाण्याला जी जडशी, मधासारखी चाल येते ती आली आहे. दुपारी धक्क्यावर पाय सोडून बसलं की पाणी सरकतंय की आपण, याचा निकाल लागत नाही. ढग वर आहेत की खाली, याचाही नाही. चतुर येऊन माझ्या गुडघ्यावर बसतात. मी लव्हाळं आहे असा त्यांचा समज झालेला दिसतो. या वयात आपल्याला कोणी लव्हाळं समजत असेल तर त्याचा भ्रम मोडायला जाऊ नये, म्हणून मी अगदी न हलता बसते.

घरात आलं तरी सुटका नाही. मधल्या खोलीच्या छतावर पाण्याचा उजेड हलत असतो, आठवतो ना? ती सोनेरी जाळी. बाबा तिला घरातलं तळं म्हणायचे. मी वेताच्या खाटेवर तिच्याखाली आडवी होते, छातीवर व्याकरणाचं पुस्तक उघडते आणि दोन ओळींत झोपते. (पुस्तक उत्तम आहे. दोष वाचकाचा.) मग कधीतरी अर्धवट जाग येते, आणि त्या जागेला साल नसतं. आई आत भांडी विसळते आहे, बाबा धक्क्याची सुटलेली फळी ठोकताहेत, आणि तू काठाशी घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहून 'खाली काहीतरी आहे, खाली काहीतरी आहे' असं रडत सांगतो आहेस. खाली चिखल होता, बाळा. पण घोट्याच्या वर तू कधी पाणी लागू दिलं नाहीस, म्हणून तर बाबांनी तुझं नाव बदक ठेवलं. त्यांचा विनोद असा उलटा चालायचा.

माझं नाव मात्र त्यांनी सरळ ठेवलं. जेवायची वेळ झाली की आई मला ओट्यावर उभी करायची, मी हाक मारायची, आणि पलीकडच्या काठावरच्या, आपल्याशी काहीएक संबंध नसलेल्या होड्यासुद्धा घराकडे वळायच्या. भोंगा. पुढे कॉलेजात शिकवायला लागले तर मुलांनीही हेच नाव ठेवलं, मी कोणाला सांगितलेलं नसताना. संस्कृतच्या तासाला मागच्या बाकावर झोप लागते असं जगभर म्हणतात. माझ्या तासाला ती सोय नव्हती.

शेजारचे दंतवैद्य मजेत आहेत. निवृत्त होऊन युग लोटलं, तरी आपण त्यांना दंतवैद्यच म्हणतो आणि त्यांनीही दुसरं काही सुचवलेलं नाही. रोज गळ टाकून बसतात, मासा लागत नाही. मी म्हटलं, माशांपर्यंत तुमची कीर्ती गेली असणार, ते तोंडच उघडत नाहीत. ते हसले नाहीत. संध्याकाळी चहाला येतात. त्यांना बोलवायला मी हल्ली हाक मारत नाही, डावाने पातेलं वाजवते. तो नाद पाण्यावरून छान लांबवर जातो, आणि बायामाणसांनी पन्नाशीनंतर काठावर उभं राहून बोंबलणं बरं दिसत नाही.

तुझ्या बायकोने चिठ्ठीत विचारलं होतं की ताई फोन का करत नाहीत. इथे फोन लागतो तो फक्त दुकानाच्या पायरीवर, आणि दुकानदारीणबाई समोर बसून आपला शब्द न् शब्द निवडून पाखडून घेतात. त्यांच्या करमणुकीला काही मर्यादा हवी. शिवाय मला यंदा लिहावंसंच वाटतंय.

आता कारण.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी घर लावायचं आहे. तुला ती रीत आठवत असेल. पण तू लिफ्ट तपासणारा माणूस, वर-खाली तेवढं तुझ्या ध्यानात राहतं, आत-बाहेर विसरला असशील, म्हणून उजळणी. उन्हाळाभर पाण्याची हवा पिऊन आपल्या खिडक्यांची लाकडी दारं फुगतात. बाहेरून कोणीतरी खांदा लावून दाबल्याशिवाय आतली खिटी बसत नाही. म्हणून घर लावायला एक माणूस आत लागतो आणि एक बाहेर. बाहेरच्याने दार दाबायचं आणि त्या खिडकीचं नाव घेऊन हाक मारायची. आतल्याने खिटी सरकवायची आणि उत्तर द्यायचं. उत्तर आल्याशिवाय खांदा काढायचा नाही. आधी आत्याबाई, कारण हात लावला की ती कुरकुरते. मग ढापणी, दोन गोल काचांची. मग पांगळी, जिची एक बिजागरी कायमची गेलेली आहे. मग उनाड, जी जरा वारा आला की पळून जाते. आणि शेवटी तळ्याची. तोवर पुढच्या दाराला आतून अडसर पडलेला असतो, तेव्हा आतल्या माणसाने तळ्याच्या खिडकीतून खाली होडीत उतरायचं आणि मग त्या खिडकीवर बाहेरून फळी ठोकायची. हे घर बांधणाऱ्या आपल्या पणजोबांना सोपं काही मानवत नसावं.

आत नेहमी बाबा. बाहेर मी, कारण भोंगा. होडी धरायला आई. आणि तू काठावर, आम्ही सगळे आता बुडणार अशा खात्रीने. बाबा कधी तोंडाने उत्तर देत नसत. बोटांच्या पेरांनी लाकडावर दोनदा ठोकायचे. ठक, ठक. मी इकडे बेंबीच्या देठापासून ओरडायची आणि आतून उत्तर यायचं ते एवढंसं.

बाबा गेले त्या उन्हाळ्यात आपण दोघंच आलो होतो. आई तर आधीच गेलेली. त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललो नाही, म्हणून लिहिते. मी आत्याबाईला खांदा लावला. शेजारी तूही लावलास. मी हाक मारली. आणि आपण दोघं खांदे टेकून, श्वास धरून, आतून ठकठक यायची वाट बघत उभे राहिलो. आत कोणी गेलंच नव्हतं. दोन चांगली शिकलेली माणसं. आधी मला हसू आलं. मग मी तुझ्याकडे पाहिलं, आणि हसण्यासारखं काही उरलं नाही. 'तू जा आत' असं ना मी म्हणाले, ना तू. शेवटी नुसतं दार ओढून कुलूप घातलं आणि निघालो. हिवाळ्यात उनाड उघडली आणि गाद्या कुजल्या. त्यानंतर तू आला नाहीस.

तेव्हापासून घर लावताना आत दंतवैद्य राहतात. ते ठोकत नाहीत, व्याख्यान देतात. लागली म्हणावं आणि गप्प बसावं, तर हिचा खालचा जबडा ढिला आहे, हिला आधार द्यावा लागेल, असं आतून बराच वेळ चालतं. यंदा त्यांचा गुडघा रुसलाय. खिडकीतून उतरणं जमणार नाही म्हणाले.

तेव्हा तू ये. हट्ट समज, मोठ्या बहिणींना तेवढी सवलत असते.

तुझी,
भोंगा


तळ्यावरचं घर,
३० ऑगस्ट, सकाळ

चि. बदका,

तुझं पत्र आलं. चार ओळी, त्यात एक सही. बाबा तारेतसुद्धा याहून जास्त लिहायचे.

तू लिहितोस की तपासण्यांची गर्दी आहे, दार ओढून घे, कुलूप लाव आणि ये, घर काही कुठे पळून जात नाही. (उनाडला विचार.) आणि पुढे लिहितोस: दुकानदारीण ऐकते तर ऐकू दे, ताई, ऐकणाऱ्यांना तू कधीपासून घाबरायला लागलीस?

हे मात्र बरोबर पकडलंस. यंत्रातली खोटी खरखर ओळखण्याचाच तुझा धंदा. मला वाटलं होतं कागदावर ती ऐकू येणार नाही.

सकाळपासून हे पत्र मांडून बसले आहे. मध्येच उठून धक्क्यावर जाऊन आले. पाण्यावर धुकं होतं, पलीकडचा काठ पुसून टाकलेला. एक पाणकोंबडी त्या पांढऱ्यातून चालत आली, माझ्याकडे बघितलं, आणि काही विसरल्यासारखी परत त्याच पांढऱ्यात गेली. थोडा वेळ वाटलं की सगळंच असं आहे, काठ नाही, घर नाही, फक्त कुठेतरी थेंब पडल्याचा आवाज. छान वाटलं. मग थंडी वाजली आणि आत आले. आता लिहिते.

माझा आवाज गेलाय. सगळा नाही. उरलाय तो दाराच्या फटीतून यावा तसा.

वसंतापासून बसायला लागला होता. मी खडूच्या धुळीला दोष दिला, मग पंख्याला, मग नव्या प्राचार्यांना. तासाला मुलं पुढच्या बाकांवर येऊन बसायला लागली तेव्हा मला वाटलं विषयाची गोडी लागली. सुट्टी लागली, मी इथे आले, आणि पहिल्याच संध्याकाळी दंतवैद्यांनी ओट्यावर चहाचा कप खाली ठेवून सांगितलं, आ करा. मी म्हटलं माझे दात चांगले आहेत. ते म्हणाले, दात बघतच नाहीये मी. उजेडाकडे तोंड करून मी आ केला, आणि तळ्याकाठच्या त्या सुंदर संध्याकाळी एक म्हातारा माणूस चष्मा कपाळावर चढवून माझ्या घशात बघत राहिला. मग त्यांनी चहा संपवला. गळ न घेता घरी गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या ओळखीच्या घशाच्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता आणून दिला आणि स्वतः गाडीत शेजारी बसून आले.

स्वरतंतूवर गाठ आहे. ती काढायची आहे, सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. गाठ कसली, ते काढल्यावर कळेल. आवाज परत येईल का, असं मी विचारलं. डॉक्टरीणबाई वयाने माझ्या विद्यार्थिनींएवढ्या, आणि इतक्या सावकाश बोलतात की जणू माझ्या वाट्याचे शब्द खर्चून बोलताहेत. म्हणाल्या, आवाज बहुधा असेल, पण तुमचा असेल की कसा, ते सांगता येत नाही. कदाचित खोल, कदाचित पुसट. कदाचित कुजबुज तेवढी. तोवर कमी बोला.

कमी बोला, हे मला. जन्मभर हजेरी घेत आलेल्या बाईला.

आमच्या शास्त्रात वाणीच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. ऐकू येते ती सगळ्यात खालची, बाकीच्या तीन आतल्या आत, उत्तरोत्तर शुद्ध. म्हणजे आवाज गेला तरी मोठंसं काही बिघडत नाही, असं त्यावरून म्हणता येईल. मी वर्गात म्हणतही आले. आता वाटतं, ज्यांनी हे लिहिलं त्यांना मागच्या बाकावरच्या मुलांना गप्प करायचं नव्हतं.

परवा दुपारी होडी घेऊन तळ्याच्या मध्यावर गेले. समोरचा डोंगर लहानपणापासून मला उत्तर देत आलाय. आपण त्याला आपलंच नाव विचारायचो आणि तो दोनदा सांगायचा. तिथे वल्ही आत घेतली. पाणी इतकं स्थिर की होडी आभाळात टांगल्यासारखी. मी श्वास भरला आणि भोंगा म्हणून हाक मारली. डोंगर गप्प. त्याचा दोष नाही, त्याच्यापर्यंत काही पोचलंच नव्हतं. मग तिथेच बसून शब्द चालवून पाहिला, पोरं घोकतात तसा. देवः म्हटलं गेलं. देवौ म्हणताना आवाज फाटला आणि पुढच्या देवांपर्यंत पोचलाच नाही. संस्कृतात दोघांसाठी वेगळं रूप आहे याचं मला नेहमी कौतुक वाटत आलंय. डोळे, हात, आणि घर लावणारी माणसं.

तिथे मी थोडी रडले. हे तुला सांगितलं नाही तर तू ते पत्रात शोधत बसशील, म्हणून सांगून टाकते.

आता नीट ऐक. ऑपरेशन व्हायचं तसं होईल, त्याला माझी हरकत नाही. पण घर उघडं टाकून, नुसतं दार ओढून मला टेबलावर जाऊन झोपायचं नाही. तसं एकदा आपण केलं होतं. मला ते नीट लागलेलं हवं, खिडकीमागून खिडकी, उत्तरासकट. आणि हाक मारणं आता माझ्याच्याने होणार नाही. हाक तू मार. आत मी राहते. बाबांसारखी. ठोकायला आवाज लागत नाही.

तू का येत नाहीस, ते मला ठाऊक आहे. तपासण्या वगैरे लेखी कारणं झाली. मागे एकदा तू सांगितलं होतंस की लिफ्ट तपासताना एक माणूस वर असतो, एक खाली खड्ड्यात. वरच्याने हाक मारायची, आणि खालून उत्तर आल्याशिवाय कोणी एक बटनसुद्धा दाबायचं नाही. किती अभिमानाने सांगत होतास. मी तेव्हाच म्हणणार होते की हे तू आपल्या घरी शिकलास. तू अजून आत्याबाईला खांदा लावून तिथेच उभा आहेस, बदका. उत्तर आलेलं नाही, म्हणून हलत नाहीस.

ये. मी उत्तर देते.

ताई


हॉस्पिटल,
१७ सप्टेंबर, ऊन खाटेवर आलंय

चि. बदकास,

आशीर्वाद, आणि हे आशीर्वाद सगळे तुलाच ठेव. बायकोसाठी वेगळे पाठवते.

तू काल परत गेलास तेव्हा मी आतल्या चौकावरच्या खिडकीतून हात हलवला. तिथून समोरच लिफ्ट दिसते. तू वर बघितलं नाहीस. लिफ्टकडे बघत होतास. खाली उतरल्यावरही मागे वळून तिच्या दाराची फट तपासलीस. नर्सने विचारलं, हे कोण. मी पाटीवर लिहिलं: माझा धाकटा भाऊ, त्याला दारं बंद झालेली लागतात. मला बोलायला सक्त मनाई आहे म्हणून ही पाटी मिळाली आहे. मी तिच्यावर अर्धविरामांसकट लिहिते, त्यामुळे नर्स कंटाळली आहे. पाणी हवंय का विचारलं तर एका शब्दात उत्तर द्या, असं तिने मला काल बजावलं.

तू निघाल्यावर डॉक्टरीणबाई आल्या होत्या. गाठ साधी निघाली. तुला फोन गेलाच असेल, तरी माझ्या हातून कळवते. आवाजाचं अजून कोणी काही सांगत नाही. महिना संपेपर्यंत मौन, मग एक शब्द म्हणून बघायचा. कुठला म्हणायचा ते ठरवून ठेवा म्हणाल्या. मी रोज एक ठरवते आणि खोडते. इतकं वाङ्मय डोक्यात, आणि हवाय एक शब्द.

पण मला लिहायचं होतं ते वेगळंच. त्या रविवारी तू बाहेर होतास. आत काय असतं ते तुला ठाऊक नाही. मलाही इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं.

आत आधी उजेड जातो आणि मग वास येतो. पुढच्या दाराला अडसर घातला आणि बोळातलं ऊन विझलं, तसा लाकडाचा, जुन्या चादरींचा, ओल्या दोरखंडाचा वास खोल्यांतून चालत आला. मी आत्याबाईपाशी जाऊन उभी राहिले. बाहेर तुझी पावलं. मग तुझा खांदा लाकडावर आपटला आणि दार आत आलं, कोणी श्वास घ्यावा तसं. तू घसा साफ केलास. (तुला परवानगी आहे म्हणून किती सहज.) आणि कचेरीच्या आवाजात विचारलंस, "आत्याबाई, बंद?" मी खिटी सरकवली. कुरकुरली, बसली. मग मी पेरांनी ठोकलं. दोनदा.

बाहेर काही नाही. तू खांदा काढला नाहीस. मला वाटलं ऐकू गेलं नसेल, म्हणून पुन्हा ठोकणार होते. मग कळलं की तू तसाच टेकून उभा आहेस. मीही आतून दाराला हात लावून उभी राहिले. मधे एक बोटभर लाकूड. किती वेळ, ते मोजलं नाही. मग तू नाक ओढलंस आणि पावलं ढापणीकडे गेली.

म्हणजे जायला हवी होती. तू गेलास पांगळीकडे. एवढ्या वर्षांनी आलास आणि दुसऱ्याच खिडकीला चुकलास. मी तीनदा ठोकलं. तू विचारात पडलास. मी पुन्हा तीनदा ठोकलं, चांगलं जोरात, फळ्यावर डस्टर आपटावं तसं. तेव्हा बाहेरून तू पुटपुटलास, ते मला स्पष्ट ऐकू आलं, "आवाज गेला तरी शिकवणं गेलं नाही." आत अंधारात मी हसले. डॉक्टरीणबाईंनी हसू नका असं सांगितलं नव्हतं.

मग ढापणी. मग पांगळी. एकेक खिडकी लागते तसा आतून तळ्याचा एकेक तुकडा जातो. आधी लव्हाळ्यांचा, मग धक्क्याचा, मग दंतवैद्यांच्या घराचा आणि त्यांच्या निरुपयोगी गळाचा. उनाडला तू असा काही खांदा दिलास की भिंत हलली. ती आता पळत नाही. दर वेळी तुझी हाक जराशी कचेरीतून बाहेर येत होती. उनाडच्या वेळी तू 'बंद?' म्हणालाच नाहीस. नुसतं नाव घेतलंस, आपण लहानपणी घ्यायचो तसं.

शेवटी तळ्याची उरली. तू होडीकडे गेलास. सगळं घर काळोखात आणि एवढी एकच खिडकी उघडी. तिच्यातून पाण्याचा उजेड आत आला होता आणि छतावर चढला होता. एरवी दुपारी दिसते ती जाळी फिकट असते. बाकी सगळा उजेड बंद केल्यावर ती काय दिसते, बदका. सगळं छत हलत होतं, भिंती हलत होत्या, माझे हातसुद्धा. मी तळ्याच्या तळाशी उभी आहे आणि वर कुठेतरी होड्या चालल्या आहेत, असं वाटलं. मी वर बघत राहिले. आपण इथून जायचं आहे, हे विसरले. ऑपरेशन विसरले. बाबांनी हे दर वर्षी पाहिलं आणि आपल्याला कधी सांगितलं नाही. एकट्याने बघून, फळी ठोकून, ते आपल्याबरोबर घरी यायचे.

तेवढ्यात खालून तू हाक मारलीस. खिडकीचं नाव घेतलं नाहीस. तू म्हणालास, "ताई, आहेस ना?"

मी तोंड उघडलं. होडी खिडकीच्या अगदी खाली होती, माझा उरलासुरला आवाज सहज पोचला असता. त्या दिवशी तेवढा शिल्लक होता. पण निघाला नाही. त्याचा गाठीशी काही संबंध नव्हता. घसा नुसता भरून आला होता.

आणि तिथे मला बाबा कळले. मला वाटायचं ते स्वभावाने घुमे, म्हणून ठोकतात. मी बाहेर ओरडत असायची, ते आत असे उभे असायचे. तिथे कोणालाही बोलता आलं नसतं. म्हणून ती दोन पेरं.

मी चौकटीवर ठोकलं. तुला ऐकू गेलं, कारण तू "बरं" म्हणालास. इतकं साधं की जणू मी दुसऱ्या खोलीत होते.

पुढचं तुला माहीत आहे, तरी ते लिहिण्याचा आनंद मी सोडणार नाही. मी चौकटीवर बसले, एक पाय बाहेर टाकला आणि होडी सरकली. तू वल्हं टाकून पाण्यात उडी मारलीस. तू. बदक. कमरेपर्यंत. एका हाताने होडी धरलीस आणि एका हाताने मला, आणि तुझा चेहरा पांढराफटक. मी होडीत बसल्यावर तू हळूच म्हणालास, "ताई, खाली खरंच काहीतरी आहे." मी खुणेने सांगितलं, चिखल. तू बराच वेळ तिथेच उभा राहिलास. बाहेर यायची घाई दिसली नाही. पलीकडे दंतवैद्य आपल्या धक्क्यावर उभे राहून पातेलं वाजवत होते, आणि ते कोणी त्यांना शिकवलं ते मी सांगायला नको.

आता ऊन खाटेवरून खाली उतरलंय. इथल्या छतावर काही हलत नाही. पांढरं, स्वच्छ, एक दिवा. डोळे मिटले की मात्र जाळी येते. घर तिकडे लागलेलं आहे, आत काळोख आहे, बाहेर तळं आहे, आणि दोघांमध्ये सगळ्या खिट्या आणि शेवटची फळी बसलेली आहे. मी शांत झोपते. आवाज यायचा तसा येईल. नाहीच आला तर मला आत जागा आहे, हे पाहून ठेवलंय. तुझं बाहेरचं काम बरं चाललंय. क्रम तेवढा पाठ कर.

आणि एक कर. संध्याकाळी कामावरून आलास की मला फोन लाव. मी उचलीन आणि काही बोलणार नाही, तेव्हा घाबरू नकोस. तू एकेक खिडकी घे. आत्याबाईपासून, सावकाश. मी इकडून फोनवर पेरांनी ठोकीन. तळ्याची झाली की ठेवू नकोस. त्या रविवारी खाली होडीतून विचारलंस, ते एकदा विचार.

ठक, ठक.

आतून,
ताई